मानव विकास : अर्थ, मोजमाप आणि देशोदेशीचे अंतर

एखाद्या देशाची प्रगती कशावरून ओळखावी, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. कारखान्यांतून पोलाद किती बाहेर पडले, शेतांतून धान्य किती पिकले, किती किलोमीटर रस्ते बांधले गेले आणि या सर्वांची गोळाबेरीज करून दरडोई उत्पन्न किती झाले, ही उत्तरे दीर्घकाळ पुरेशी मानली जात असत. परंतु ज्या माणसांसाठी हे पोलाद, हे धान्य आणि हे रस्ते, ती माणसे किती वर्षे जगतात, त्यांची मुले पहिल्या वाढदिवसापर्यंत टिकतात की नाही, त्यांना लिहितावाचता येते की नाही, आपल्या आयुष्याचा मार्ग ती स्वतः निवडू शकतात की नाही, याचे उत्तर या आकड्यांत सापडत नाही. हे उत्तर शोधण्याच्या प्रयत्नातून ‘मानव विकास’ ही संकल्पना आकारास आली. शासकीय अहवालांत, नियोजनाच्या बैठकांत आणि पाठ्यपुस्तकांत हा शब्द आता रूढ झाला आहे. त्याचा नेमका अर्थ काय, तो मोजतात कसा आणि देशादेशांत एवढे अंतर का पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उत्पन्नाच्या आकड्याची मर्यादा

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत ज्यांनी घालून दिली, त्या सायमन कुझनेट्स यांनीच तिच्या मर्यादेचा इशारा दिला होता. १९३४ साली अमेरिकन सिनेटपुढे सादर झालेल्या अहवालात, राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचे अनुमान काढणे कठीण आहे, असे त्यांनी स्पष्ट केले होते. तथापि दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी नियोजन सुरू केले, तेव्हा हाच आकडा प्रगतीचा मुख्य मापदंड ठरला. उत्पन्न वाढले की त्याचा लाभ झिरपत झिरपत तळापर्यंत पोचेल, अशी तेव्हा धारणा होती.

या धारणेला धक्का देणाऱ्या अनुभवांपैकी एक आपल्या शेजारच्या देशातील आहे. १९६० नंतरच्या दशकात पाकिस्तानची आर्थिक वाढ लक्षणीय होती. त्या देशाच्या नियोजन आयोगाचे प्रमुख अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९६८ साली दाखवून दिले की, देशातील उद्योगांची सुमारे दोन-तृतीयांश मालमत्ता अवघ्या २२ घराण्यांच्या हाती एकवटली आहे. ज्या योजना तयार करण्यात त्यांचा स्वतःचा वाटा होता, त्यांचेच हे फळ होते. पुढे जागतिक बँकेत आणि पाकिस्तानच्या मंत्रिमंडळात काम केल्यानंतर ते १९८९ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमात आले आणि त्यांच्या पुढाकाराने १९९० साली पहिला ‘मानव विकास अहवाल’ प्रसिद्ध झाला.

या वाटेवरील एक आधीचा टप्पाही ध्यानात घेण्याजोगा आहे. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली जीवनाच्या भौतिक गुणवत्तेचा निर्देशांक मांडला. अर्भकमृत्यूचे प्रमाण, वयाच्या पहिल्या वर्षानंतरचे अपेक्षित आयुर्मान आणि साक्षरता या तीन गोष्टींची सरासरी, असे त्याचे स्वरूप होते. मॉरिस यांचे पूर्वीचे संशोधन मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारवर्गाच्या उदयाविषयीचे होते. गरीब माणसाचे जीवन मोजावे कसे, याचा विचार करणाऱ्या या अभ्यासकाचा गिरणगावाशी असा संबंध होता.

संकल्पनेचा गाभा

मानव विकास म्हणजे माणसापुढील पर्यायांचा विस्तार, अशी या संकल्पनेची थोडक्यात व्याख्या करता येईल. तिला तात्त्विक पाया दिला तो प्रा. अमर्त्य सेन यांनी. माणसाजवळ काय आहे, यापेक्षा तो काय करू शकतो आणि काय होऊ शकतो, याला त्यांनी महत्त्व दिले. यालाच त्यांनी ‘क्षमता’ असे म्हटले. त्यांचे एक उदाहरण सर्वांस समजण्यासारखे आहे. उपवास करणारा आणि उपासमार होणारा, या दोघांच्याही पोटात अन्न नसते. परंतु पहिल्याला जेवण्याचा पर्याय खुला आहे, दुसऱ्याला तो नाही. पोटातील अन्न मोजले तर दोघे समान ठरतात. पर्याय मोजले तर त्यांच्यातील महदंतर कळते.

सायकलचेही असेच आहे. दोन मुलींना सायकली मिळाल्या. एकीच्या गावाला रस्ता आहे, ती निर्धास्त शाळेत जाते. दुसरीच्या वाटेवर पावसाळ्यात ओढा भरून वाहतो, किंवा घरची माणसे तिला एकटीने जाऊ देत नाहीत. सायकल दोघींजवळ आहे, शाळेत जाण्याची क्षमता मात्र एकीलाच लाभली आहे. वस्तूंचे वाटप पूर्ण झाले म्हणजे विकास पूर्ण झाला, असे मानणाऱ्याने हा भेद नित्य लक्षात ठेवावयास हवा.

उत्पन्न निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. उत्पन्नाशिवाय दवाखाने चालत नाहीत, शाळा उभ्या राहत नाहीत. उत्पन्न हे साधन आहे आणि माणसाचे भरलेले, निरोगी, जाणते जीवन हे साध्य आहे, एवढाच मुद्दा आहे.

निर्देशांक तयार होतो कसा?

केवळ तत्त्व सांगून धोरण बदलत नाही. त्यासाठी आकडा लागतो, हे हक ओळखून होते. एवढा विशाल आशय एका आकड्यात बसविणे सेन यांना प्रारंभी पटत नव्हते. परंतु उत्पन्नाच्या ढोबळ आकड्याशी सामना करावयाचा तर तितकाच सुटसुटीत आकडा हवा, हे हक यांचे म्हणणे अखेर मान्य झाले.

मानव विकास निर्देशांकात तीन अंगे आहेत : दीर्घ व निरोगी आयुष्य, ज्ञान आणि समाधानकारक राहणीमान. पहिले अंग जन्माच्या वेळच्या अपेक्षित आयुर्मानाने मोजतात. दुसऱ्यासाठी प्रारंभी मुख्यतः प्रौढ साक्षरता विचारात घेत असत. २०१० पासून २५ वर्षे व त्यावरील व्यक्तींची सरासरी शालेय वर्षे आणि आज शाळेत प्रवेश करणाऱ्या मुलाची अपेक्षित शालेय वर्षे, असे दोन घटक घेतात. तिसरे अंग दरडोई उत्पन्नाचे. ते प्रत्येक देशातील किमती लक्षात घेऊन, म्हणजे क्रयशक्तीच्या आधारे, डॉलरमध्ये मांडतात.

प्रत्येक घटकाला किमान व कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. आयुर्मानासाठी २० व ८५ वर्षे, अपेक्षित शिक्षणासाठी शून्य व १८ वर्षे, सरासरी शिक्षणासाठी शून्य व १५ वर्षे आणि उत्पन्नासाठी १०० व ७५,००० डॉलर. देशाने या दोन टोकांमधील किती अंतर कापले, ते शून्य ते एक या पट्टीवर मांडतात.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालातील भारताचे आकडे घेऊन हा हिशोब करून पाहू. ते २०२३ सालचे आहेत. आयुर्मान ७२ वर्षे; त्यातून २० वजा जाता ५२ उरतात, त्यांना ६५ ने भागले की ०.८० येतात. अपेक्षित शालेय वर्षे १३. १८ ने भागता ०.७२. सरासरी शालेय वर्षे ६.९, १५ ने भागता ०.४६. या दोहोंची सरासरी ०.५९. उत्पन्न ९,०४७ डॉलर. गरिबाच्या हाती पडलेले हजार रुपये आणि श्रीमंताच्या हाती पडलेले हजार रुपये यांचे मोल सारखे नसते, म्हणून येथे लॉगॅरिथमच्या पद्धतीने गणित करतात. ते उत्तर ०.६८ येते. शेवटी या तीन अंगांचा गुणाकार करून घनमूळ काढले की ०.६८५ हा भारताचा निर्देशांक मिळतो.

साध्या बेरजेऐवजी गुणाकार का, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावे. एका देशाची तिन्ही अंगे ०.६० आहेत, दुसऱ्याची ०.९०, ०.६० आणि ०.३० अशी आहेत. बेरीज करून सरासरी काढली तर दोन्ही देश समान दिसतात. गुणाकाराच्या पद्धतीने दुसऱ्या देशाचा निर्देशांक ०.५४५ पर्यंत खाली येतो. ०.५५० हून कमी निर्देशांक असलेले देश अल्प मानव विकासाच्या गटात धरले जातात. एका अंगाची उपेक्षा दुसऱ्या अंगाच्या भरभराटीने झाकता येऊ नये, असा यामागील हेतू आहे.

देशोदेशीचे अंतर

२०२५ च्या अहवालात १९३ देशांची क्रमवारी दिली आहे. आइसलँड ०.९७२ निर्देशांकासह पहिला, तर दक्षिण सुदान ०.३८८ सह अखेरचा आहे. या दोन देशांत जन्मणाऱ्या बालकांच्या अपेक्षित आयुर्मानात सुमारे २५ वर्षांचे अंतर आहे. मूल कोठे जन्माला यावे, हे मूल ठरवीत नाही. तरीही त्याच्या आयुष्यातील पाव शतक या एका गोष्टीवर अवलंबून असते. दक्षिण सुदान २०११ साली स्वतंत्र झाला आणि २०१३ च्या अखेरीस तेथे यादवी युद्ध पेटले. शांतता हीच मानव विकासाची पहिली अट आहे, हे त्यावरून दिसते.

परंतु अंतराची सर्व कारणे दारिद्र्यात वा युद्धात नसतात. खनिज तेलाची संपत्ती लाभलेल्या दोन देशांची तुलना येथे उद्बोधक ठरेल. नॉर्वेच्या सागरी हद्दीत १९६९ साली तेलाचा मोठा साठा सापडला. तेथे शिक्षणाची परंपरा जुनी होती. ग्रामीण मुलांच्या शालेय शिक्षणाविषयीचा कायदा १७३९ सालचा आहे. तेलाचा पैसा एका पिढीने उधळू नये म्हणून त्या देशाने १९९० साली कायद्याने स्वतंत्र निधी निर्माण केला आणि त्यातून दरवर्षी थोडाच भाग खर्च करण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. आज नॉर्वेचा नागरिक सरासरी ८३ वर्षे जगतो. आफ्रिकेतील विषुववृत्तीय गिनी या छोट्या देशाला १९९० नंतरच्या दशकात तेल मिळाले आणि त्याचे दरडोई उत्पन्न पाहता पाहता अनेक पटींनी वाढले. परंतु सत्ता व संपत्ती मोजक्या हातांत राहिली. तेथील आयुर्मान आजही ६५ वर्षांच्या आत आहे. तेल दोन्हीकडे निघाले. ते कोणासाठी खर्च झाले, यावर पुढचे सारे ठरले.

श्रीमंत देशांतही हे अंतर दिसते. जपानचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. परंतु जपानी माणूस अमेरिकन माणसापेक्षा सरासरी पाच वर्षे अधिक जगतो.

श्रीलंकेचा धडा

अल्प उत्पन्नातही माणसाचे जीवन किती सुधारता येते, याचे सर्वपरिचित उदाहरण श्रीलंकेचे आहे. तेथे १९३१ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या १७ वर्षे आधी, स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला. मतदाराला उत्तर देणे भाग पडू लागले, तेव्हा खेड्यापाड्यांत दवाखाने आणि शाळा यांची मागणी वाढली. १९४५ पासून बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण विनामूल्य झाले, शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. युद्धकाळापासून शिधावाटपाद्वारे स्वस्त तांदूळ घरोघरी पोचत होता. हिवतापाविरुद्ध १९४६ च्या सुमारास डीडीटी फवारणीची मोहीम हाती घेण्यात आली आणि एका वर्षात मृत्युदर हजारी सुमारे २० वरून १४ वर आला. फवारणीबरोबर नवी रुग्णालये आणि तांदळाचा शिधा यांचाही या यशात वाटा होता, असे अभ्यासक मानतात. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त झाल्याचे जाहीर केले.

मातामृत्यूबाबतची प्रगती याहूनही बोलकी आहे. १९४० च्या आसपास तेथे एक लाख जन्मांमागे दीड हजाराहून अधिक माता दगावत असत. आता ही संख्या ४० च्या आत आहे. गावोगाव नेमलेल्या प्रशिक्षित सुईणी, त्यांच्या हाकेच्या अंतरावरील दवाखाना आणि लिहितावाचता येणारी माता, या तिन्हींचे हे फळ आहे. १९८३ ते २००९ या काळातील यादवी युद्धाने आणि २०२२ च्या आर्थिक अरिष्टाने हा देश पोळून निघाला. सामाजिक प्रगती साधली म्हणजे आर्थिक शिस्त आपोआप येते, असे नाही, हाही त्यातील धडा आहे. तथापि २०२५ च्या अहवालात श्रीलंका ०.७७६ निर्देशांकासह ८९ व्या, तर भारत १३० व्या स्थानी आहे, हे विसरता येणार नाही.

बांगलादेश : मूठभर गूळ, चिमूटभर मीठ

२०२५ च्या अहवालात बांगलादेशही भारताच्याच बरोबरीने १३० व्या स्थानी आहे. दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा किंचित कमी असूनही तेथील आयुर्मान आपल्याहून अधिक आहे. त्यामागे अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एक फार साधे आहे.

१९७१ च्या युद्धात सीमेलगतच्या बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखर मिसळलेले पाणी तोंडावाटे देण्याचा मार्ग अवलंबिला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. हा उपाय बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून घरोघर नेला. तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढीच त्याची कृती. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांतील मातांना ती प्रत्यक्ष करून दाखविण्यात आली. त्यातील एक बाब आपल्या योजना राबविणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. किती घरे झाली यावर कार्यकर्तीचे मानधन अवलंबून नव्हते. काही दिवसांनी तपासनीस येऊन मातांना प्रश्न विचारीत असत आणि त्यांना किती आठवते, त्यांवर मानधन ठरत असे. सांगितले किती यापेक्षा पोचले किती, हे तेथे मोजले गेले.

आपल्या घरचे अंतर

देशांमधील अंतरासारखेच देशाच्या पोटातही अंतर असते. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार अर्भकमृत्यूचे प्रमाण केरळात हजारी ६, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३ होते. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यातील साक्षरता सुमारे ९० टक्के, तर नंदुरबार जिल्ह्यातील ६४ टक्के होती. एकाच राज्याच्या नकाशावर दोन वेगळ्या जगांची चित्रे असावीत, असे हे आकडे आहेत. महाराष्ट्र राज्याचा पहिला मानव विकास अहवाल २००२ साली आणि दुसरा २०१२ साली प्रसिद्ध झाला. मागास तालुक्यांसाठी २००६ पासून मानव विकास मिशन सुरू झाले आणि २०११ मध्ये त्याची व्याप्ती १२५ तालुक्यांपर्यंत वाढविण्यात आली. मुलींना शाळेत नेणारी बस, सायकल, गावातील अभ्यासिका, गरोदर मातांची तपासणी असे उपक्रम त्यात आहेत. त्यांची निवड पाहता क्षमतेचा विचार त्यामागे असल्याचे दिसून येईल.

निर्देशांक काय सांगत नाही?

निर्देशांक हे कंदिलासारखे आहे. त्याचा उजेड पडतो तेवढेच दिसते. तो सरासरी सांगतो, वाटणी सांगत नाही. विषमतेचा हिशोब धरला तर २०२५ च्या अहवालानुसार भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी घटतो. स्त्रियांचे घरातील अविश्रांत श्रम, नदीचे प्रदूषण, नागरिकाचे स्वातंत्र्य, यांपैकी काहीही त्यात येत नाही. यांतील काही उणिवा भरून काढण्यासाठी स्त्री-पुरुष विषमता आणि बहुआयामी दारिद्र्य यांचे वेगळे निर्देशांक तयार करण्यात आले आहेत.

शिक्षकांसाठी यात एक विशेष सूचना आहे. अपेक्षित शालेय वर्षांचा हिशोब पटावरील नावांवरून होतो. मूल वर्गात बसते का आणि बसल्यावर त्याला वाचता येते का, हे त्यातून कळत नाही. ते शिक्षकालाच ठाऊक असते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आज बाराव्या वर्षी शाळा सोडणारी मुलगी वयाच्या पंचविसाव्या वर्षी सरासरी शालेय वर्षांच्या हिशोबात येते आणि आयुष्यभर त्यात राहते. भारताचा ६.९ हा आकडा म्हणजे गेल्या पन्नास-साठ वर्षांत शाळेबाहेर राहिलेल्या मुलामुलींची नोंद आहे. आयुर्मान एका मोहिमेने वाढविता येते. गळालेली शाळा मात्र पुढच्या अर्धशतकाला पुरते.

गावाच्या पातळीवर

१९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय नमूद केले. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, स्त्रिया व बालके यांचा विकास हे त्यातच आहेत. मानव विकासाचे सर्वांत मोठे दालन अशा प्रकारे गावाच्या कक्षेत आले आहे. ग्रामविकासाचा वार्षिक आराखडा तयार करताना सभामंडप, कमान, पेव्हर ब्लॉक यांसाठी तरतूद सुचविणे सोपे असते, कारण ते काम डोळ्यांना दिसते. टळलेला मृत्यू दिसत नाही. तो पाहावयाचा असेल तर नोंदवही उघडावी लागते.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने चार आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत : गेल्या पाच वर्षांत किती मुले जन्मली व त्यांपैकी किती पहिल्या वर्षात दगावली, किती प्रसूती दवाखान्यात झाल्या, सहा ते अठरा वयोगटातील किती मुलेमुली शाळेबाहेर आहेत, आणि किती घरांना बारमाही शुद्ध पाणी मिळते. पाच वर्षांचा हिशोब एकत्र घेण्याचे कारण असे की, वर्षाला ५० जन्म होणाऱ्या गावात एक बालक दगावले तर प्रमाण हजारी २० येते आणि दोन दगावली तर ४० होते. एका वर्षाच्या आकड्यावरून घाबरून जाऊ नये, तसेच फुशारूनही जाऊ नये. परंतु प्रत्येक मृत्यूचे कारण मात्र विचारावे : वाहन वेळेवर मिळाले नाही, की घरी कोणाला लक्षण ओळखता आले नाही, की आई स्वतःच अशक्त होती.

जिनिव्हा वा न्यूयॉर्क येथे छापल्या जाणाऱ्या क्रमवारीत भारत कितवा, याची चर्चा वर्षातून एकदा होते आणि विरून जाते. तो आकडा वर सरकावा असे वाटत असेल, तर त्याची सुरुवात जन्ममृत्यूच्या नोंदवहीपासून आणि शाळेच्या हजेरीपटापासून करावी लागेल. या दोन्ही वह्या आपल्या हाताशी आहेत. त्यांतील प्रत्येक नाव हे एक माणूस आहे, ही जाणीव ठेवून त्या वाचणे, हेच लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि शिक्षक यांचे मानव विकासातील पहिले काम होय.